मान हलवण्यास होकार समजू नये

राजरत्न तांबेचा आवाज मोठा होता, आणि त्यामुळेच आपल्या बायकोला ऐकू कमी येतंय हे त्याला फार उशिरा कळलं.

त्याची सगळी नोकरी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये झाली होती. तिथे हातोड्यांच्या वर आवाज चढवल्याशिवाय शेजारच्याला काही कळायचं नाही, आणि तोच आवाज तो घरी घेऊन यायचा. त्याने 'चहा दे' म्हटलं की खालच्या मजल्यावरच्या बाईने आधण ठेवावं, अशी गत. जुन्या चाळीत त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पुढे चाळ पडली, तिच्याच जागेवर टॉवर उभा राहिला, दारं बंद झाली, बोलणी हळू झाली. कौसल्याही गप्प गप्प राहू लागली. राजरत्नला वाटलं, नव्या जागेत हिचं मन रमत नसेल.

खरं काय ते मुलीने ओळखलं. आकांक्षाचा ठाण्याहून फोन आला की आई दोन शब्द बोलून फोन बाबांच्या हातात द्यायची. "बाबा, आईला माझ्यावर राग नाहीये. तिला मी ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दोन्ही कानांत मशीन बसलं. घरात ते बरं चालायचं. पण जिथे वर पंखे फिरतायत आणि सहा जण एकाच वेळी बोलतायत, तिथे त्या मशीनमधून सगळ्यांचा मिळून नुसता काला कानात पडायचा.

आणि कौसल्याला तर नेमकं तिथेच बसायचं होतं. महापालिकेच्या शाळेत पहिलीचे वर्ग शिकवून ती निवृत्त झाली होती. सोसायटीच्या समितीवर बायकांच्या जागेवर तिला लोकांनी हौसेने निवडून दिलं होतं. निवडून येताना तिने एकच मागणी लावून धरली होती, ती अभ्यासिकेची. चाळीत तळमजल्यावर बाबासाहेबांच्या फोटोखाली अभ्यासिका चालायची. तांब्यांची, सकपाळांची पोरं तिथे बसायची, तशीच मालवणकडून आलेल्या परबांची आणि राण्यांचीही. टॉवरमध्ये खोल्या वाढल्या, तरी घराघरात टीव्ही, पाहुणे आणि आजारी माणसं होतीच. म्हणून तिच्या मागणीवरून तळमजल्याची एक खोली पोरांना मिळाली होती.

एका रविवारी दोन मुली दप्तरं घेऊन वर आल्या. "बाई, खाली सुतार आलाय. अभ्यासिकेत रॅक ठोकतोय."

कौसल्या तशीच खाली गेली. राजरत्न मागोमाग. सोसायटीचा सेक्रेटरी विनीत परब तिथेच उभा होता. चाळिशीचा, धावपळ्या माणूस. नोकरी सांभाळून सोसायटीचं काम करायचा, फुकट करायचा, आणि त्यामुळे कुणी अडवलं की त्याचा पारा चढायचा.

"काकी, मागच्या मीटिंगमध्ये ठरलं ना? ऑनलाइनची पार्सलं लॉबीत पडून राहतात, चोऱ्या होतात, म्हणून ही रूम पार्सलसाठी. सर्वानुमते पास झालंय."

"मी हो म्हटलं?" कौसल्याने विचारलं.

"तुम्ही मान हलवलीत काकी. मी समोरच होतो."

ती वर आली, खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "अहो, सगळे हलवत होते म्हणून मीही हलवली. पुन्हा पुन्हा 'काय म्हणालात, काय म्हणालात' विचारायची लाज वाटते हो. माझ्याच पोरांची खोली मी माझ्याच मानेने देऊन बसले."

ती मान राजरत्नच्या ओळखीची होती. त्याच्यासमोरही ती तशीच हलायची. आणि तो काय करायचा? बाजारात कोळणीने काही विचारलं की तो हिच्याआधी उत्तर द्यायचा. डॉक्टर पाच मिनिटं बोलले, तर बाहेर आल्यावर हिला सांगायचा, "काही नाही, गोळ्या चालू ठेव म्हणाले." तिचा कान व्हायला गेला आणि तिची जीभही होऊन बसला, हे त्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं. ते त्याला फार लागलं.

पुढच्या आठवड्यात आकांक्षाने आईच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. समोरचा बोलेल ते फोन मराठीत लिहून दाखवायचा. अक्षरं अशी मोठी की चष्मा नसला तरी दिसावीत. सुरुवातीला दोघांची नुसती करमणूक झाली. राजरत्न "मेंटेनन्स" म्हणाला, तर फोनने लिहिलं, "मेथी नाणं." तो "सेक्रेटरी परब" म्हणाला, तर फोनवर उमटलं, "शंकरपाळी परब." कौसल्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग तिच्या लक्षात आलं की माणूस सावकाश आणि एकेकटा बोलला, तर फोन सहसा चुकत नाही. पहिलीच्या पोराला जसं समजावतो तसं त्याला सांभाळून घेतलं की झालं.

तो फोन घेऊन ती समितीच्या मीटिंगला गेली. राजरत्न समितीवर नव्हता, पण दाराबाहेरच्या बाकावर बसायला मनाई नव्हती. तिने फोन टेबलावर सर्वांसमोर ठेवला आणि सांगितलं, "तुम्ही बोलता ते हा लिहितो, मी वाचते. मागच्या वेळी न ऐकता मान हलवली, तशी आता हलवणार नाही. आणि अभ्यासिकेचा विषय मला परत घ्यायचा आहे."

विनीतची नजर अभ्यासिकेकडे गेलीच नाही. ती फोनवर गेली.

"म्हणजे हे रेकॉर्डिंग आहे?"

"लिहितो तो."

"तेच ते, काकी. उद्या हे कुठे फिरेल? मी रागात एखाद्याला काही बोललो, आणि ते व्हॉट्सॲपवर आलं तर? आणि समोरच्याची परवानगी न घेता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. कायदा आहे तसा. मी दाखवतो." त्याने आपल्या फोनवर एक पान उघडून सगळ्यांसमोर धरलं. इंग्रजीत होतं. शिक्षेचा आकडाही होता. बाकीच्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मग मी ऐकू कशाने?" कौसल्याने विचारलं.

"शेजारी कुणीतरी बसेल ना. मुख्य मुख्य सांगेल."

"मुख्य काय ते ठरवणार कोण?"

अध्यक्ष नाना राणे, ऐंशीकडे झुकलेला माणूस, विनीतकडे बघून म्हणाले, "मंजूर." काय मंजूर, ते कुणी विचारलं नाही. फोन बंद करावा लागला. पण कौसल्या उठताना म्हणाली, "ते इंग्रजी पान मला पाठव रे, विनीत. वाचीन म्हणते." त्याने लगेच पाठवलं. तसा माणूस सरळ होता.

दादरला नम्रता वैद्य नावाची एक वकील बसायची. आकांक्षाच्या कॉलेजातली. तिच्या ऑफिसात दोन खुर्च्या आणि फायलींचे ढीग. दोघं ते इंग्रजी पान घेऊन तिच्याकडे गेली. तिने ते वाचलं आणि हसू आवरत म्हणाली, "काकू, हा फ्लोरिडाचा कायदा आहे."

फोनने लिहिलं, "फुलवाडीचा कायदा." कौसल्याने फोन तिच्यासमोर धरला. नम्रताने पुन्हा सावकाश सांगितलं. "अमेरिकेतलं फ्लोरिडा. तिथे राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत. काही राज्यांत बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते, काही ठिकाणी एकाची पुरते. आपल्याकडे, ज्या बोलण्यात आपण स्वतः आहोत ते टिपून घ्यायला सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. चोरून दुसऱ्यांचं ऐकणं, फोन टॅप करणं, ते वेगळं. कुणाच्या खासगीपणाला धक्का लागला का, कोर्टात पुरावा म्हणून चालेल का, ते त्या त्या प्रकरणात ठरतं. आणि तुमचं तर ऐकण्याचं साधन आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा तुमच्या पाठीशी उभा राहील. मी सोसायटीला एक कडक नोटीस पाठवते. सुतासारखे सरळ होतील."

राजरत्नला हे फार आवडलं. परबाच्या पोराला फ्लोरिडा दाखवून द्यायचा त्याचा बेत मनात तयारही झाला. पण कौसल्या फोनवरची ओळन्‌ओळ वाचून काढत होती. वाचून झाल्यावर तिने मान हलवली, आडवी.

"नको. कायदा फ्लोरिडाचा असेल, पण पोरगा म्हणतो ते खोटं नाही. आपलं बोलणं लिहिलं जातंय हे माणसाला कळायला तर हवं ना? मला न कळता माझी मान मोजली, ते मला लागलं. मग त्याला न कळता त्याचा शब्द मी कसा मोजू?"

"मग भेटेल त्याला सांगत बसणार का?" राजरत्न म्हणाला. "भाजीवाल्याला, लिफ्टमध्ये, बँकेत?"

नम्रता सहज बोलून गेली, "पेपरात जाहीर नोटीस द्या, काकू. तमाम जनतेस कळविण्यात येते की."

ती थट्टा होती. कौसल्याने वाचलं, आणि वर बघून म्हणाली, "देऊ या."

हिचा बहिरेपणा पेपरात छापायचा? अजून गावच्या भावकीलाही राजरत्नने सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर 'जरा सर्दी आहे' म्हणायचा. परत येताना तो टॅक्सीत कुजबुजला. त्याचं कुजबुजणं म्हणजे ड्रायव्हरने आरशात बघावं असं. "लोक हसतील गं."

"हसू दे. ऐकू येणारच नाही मला," कौसल्या म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. असलं बोलायला ही शिकली कधी? की नेहमीच बोलत होती, आणि त्यालाच ऐकू गेलं नव्हतं?

मसुदा नम्रताने केला, पण कौसल्याने त्यात एवढी खाडाखोड केली की वकिलाचं फारसं काही उरलं नाही. 'सौ.' होतं ते तिने कापलं. "नाव पुरे," म्हणाली. 'माझे अशिलाचे सांगण्यावरून' हेही गेलं. "मीच सांगतेय ना?" नम्रताने तिला पुन्हा एकदा बजावलं की कायद्याने असली नोटीस देण्याची काही गरज नाही. कौसल्या म्हणाली, "गरज मला आहे." शेवटी जे छापून आलं ते असं:

जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मी, कौसल्या राजरत्न तांबे, राहणार परळ, मला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नाही. माझ्याशी कोणी बोलले की ते माझा फोन अक्षरांत उतरवतो आणि मी वाचते. आवाज मी ठेवत नाही. अक्षरे त्याच दिवशी पुसते. सभेतील बोलणे मात्र त्या सभेचे इतिवृत्त मंजूर होईपर्यंत ठेवीन. ज्यांची हरकत असेल त्यांनी मला समोरून, सावकाश सांगावे. त्यांच्याशी मी फोन बाजूला ठेवून बोलेन, पण त्यांनी कागदावर लिहून दाखवावे. तसेच, यापुढे माझ्या मान हलवण्यास होकार समजू नये. मी 'हो' म्हणेन तेव्हाच हो.

पेपरात तिची जागा कुणाच्या तरी हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या खाली आणि नाव बदलणाऱ्या एका तरुणाच्या वर होती. सकाळी राजरत्नने ती दोनदा वाचली. पहिल्यांदा लाजेने, दुसऱ्यांदा सावकाश. मग त्याने पेपराची घडी घातली नाही. नोटीस वर येईल असा तो टीपॉयवर ठेवला.

दुपारपर्यंत कुणीतरी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली हसणारी तोंडं आली. एकाने लिहिलं, 'सावधान, तांबेकाकी ऑन एअर.' मग चौदाव्या मजल्यावरच्या एका बाईने लिहिलं, 'माझ्या सासऱ्यांनाही ऐकू येत नाही, कोणतं ॲप आहे?' त्यानंतर हसणारी तोंडं थांबली. पेपरच्या कचेरीमार्फत नम्रताच्या ऑफिसात एक हरकतही आली, लेखी. खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने सुवाच्य मराठीत लिहिलं होतं की नोटिशीला त्याची हरकत नाही, पण टाइप फार बारीक आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांतल्या बऱ्याच जणांना दिसतही कमी, याचा विचार व्हावा. कौसल्याने त्याला ठळक अक्षरांत उत्तर पाठवलं.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. राजरत्नने दार उघडलं तर नाना राणे. अध्यक्ष. एकटेच. आत आले, इकडे तिकडे बघितलं, दार लावून घेतलं आणि कौसल्यासमोर बसले. राजरत्नला वाटलं, आता समजावणीच्या गोष्टी सुरू होणार.

"कौसल्या," नाना म्हणाले, "ह्या फोनात कसा घालतत, ता माका दाखव."

कौसल्याने वाचलं. नानांकडे बघितलं. "नाना, तुम्हालाही?"

"माका पण ऐकाक येणा नाय गो." नाना म्हणाले. "दोन वर्सा झाली. घरात कोणाक सांगूक नाय. मिटिंगीत विनीतच्या तोंडाकडे बघतंय. तेचा तोंड बंद झाला की मी म्हणतंय, मंजूर."

कुणी हसलं नाही. कौसल्याने त्यांचा फोन हातात घेतला आणि शेजारी बसून शिकवायला लागली. मोठ्या अक्षरांची खूण कुठे, भाषा कशी निवडायची, पुसायचं कसं. नानांनी पहिलं वाक्य मालवणीत बोलून पाहिलं आणि फोनने त्याचा असा काही चुराडा केला की नानाच म्हणाले, "मेलो पुण्याचो दिसता." कौसल्या त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती, न कंटाळता. आपली बायको वर्गात कशी शिकवत असेल, हे राजरत्नने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. तो स्वयंपाकघरात गेला आणि न सांगता चहा टाकला.

पुढच्या मीटिंगला टेबलावर दोन फोन होते. दाराबाहेरच्या बाकावर राजरत्न होता, आणि आतलं त्याला अक्षर न्‌ अक्षर ऐकू येत होतं.

नानांनी आपला फोन समोर ठेवला, कोकणी माणसाला आवश्यक तेवढा घसा खाकरला आणि ठरवून आणलेलं शुद्ध मराठी बोलले. "कौसल्याबाईंनी पेपरात छापलं, मी इथे तोंडी सांगतो. मलाही ऐकू येत नाही. मागचे बरेच ठराव मी न ऐकता मंजूर केले. अभ्यासिकेचाही. तेव्हा तो ठराव सर्वानुमते नव्हता. दोन माणसं त्यात नुसत्या माना हलवत होती. विषय परत घेऊ या. एका वेळी एकाने बोलायचं. दोघं बोलले की फोन खुळावतो."

विनीत लाल झाला. "म्हणजे मी फसवून पास केलं असं म्हणायचंय का?"

"नाही," कौसल्या म्हणाली. "तू विचारलंस, आम्ही मान हलवली. चूक आमची. तू लपवलं काहीच नाहीस. पण आज विचार, आणि आमचं ऐक."

मग पहिल्यांदाच त्या खोलीत एकेकटं बोलणं झालं. बोलणाऱ्याला समोरच्या पडद्यावर आपलं वाक्य उमटताना दिसे, त्यामुळे फेकाफेकी आपोआप कमी झाली. विनीतने पार्सलांच्या चोऱ्या सांगितल्या, वॉचमनवर येणारा आळ सांगितला. त्यात खोटं काही नव्हतं. कौसल्या ते सगळं वाचत गेली आणि म्हणाली, "हे मला माहीतच नव्हतं." मग तिने अभ्यासिकेत कोण कोण बसतं ते सांगितलं, नावानिशी. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कुणाचा बाप रात्रपाळी करून दिवसा झोपतो. विनीत म्हणाला, "ह्यातलं मलाही माहीत नव्हतं, काकी." कुणीतरी सुचवलं, सिक्युरिटी केबिनच्या मागे जागा आहे, रॅक तिथे उभे राहतील, वॉचमनच्या नजरेसमोर. सगळे जाऊन बघून आले. मतं घेतली. नानांनी प्रत्येकाला नाव घेऊन विचारलं, आणि प्रत्येकाने तोंडाने सांगितलं. एक जण सोडून सगळे 'हो' म्हणाले. त्या एकाचा विरोध कौसल्यानेच आग्रहाने लिहून घ्यायला लावला.

फोनचाही ठराव झाला. ज्याला ऐकायला फोन लागतो त्याने तो सभेत उघड ठेवावा, आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी सावकाश बोलावं. तो कौसल्याच्या नोटिशीतून जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता.

राजरत्न बाकावरून उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मोठ्याने काही बोलावंसं वाटेना. ती बाहेर आली तेव्हा तो तिच्यासमोर उभा राहिला, तिला ओठ दिसतील असा, आणि म्हणाला, "लई भारी केलंस." आवाज न काढता. तिने ते ओठांवरून वाचलं.

अभ्यासिका आता सकाळ-संध्याकाळ चालते. गावच्या भावकीला राजरत्नने स्वतःच फोन करून सगळं सांगितलं, नोटिशीसकट, आणि सर्दीचं नाव काढलं नाही. नम्रताकडे अधूनमधून कुणीतरी विचारायला येतं, अशी नोटीस आम्हालाही देता येईल का. ती सांगते, गरज नाही, पण देऊ शकता.

विनीतचं मत मात्र बदललं नाही. सभेत त्याने ठराव पाळला, पण सभेबाहेर आपला शब्द कुणाच्या यंत्रात उतरावा हे त्याला पटत नाही, आणि ते त्याने नोटिशीत सांगितल्याप्रमाणे समोरून, सावकाश येऊन सांगितलं. तिच्या फोनला हरकत घेणारा माणूस तो एकटाच. कौसल्या त्याला मानते. तो लॉबीत भेटला की ती फोन पर्समध्ये टाकते, आणि विनीत खिशातून छोटं पॅड काढून लिहितो. लिहायला वेळ लागतो, म्हणून दोन वाक्यांच्या मध्ये तो थांबतो, विचार करतो. पूर्वी जिथे त्याचा आवाज चढायचा तिथे आता तो एक ओळ खोडतो. परवा लिफ्टच्या दुरुस्तीवरून दोघांचा असाच बराच वेळ वाद झाला, त्याच्या बाजूने कागदावर आणि तिच्या बाजूने तोंडी. लिफ्ट दोनदा येऊन गेली. राजरत्न पिशवी घेऊन बाजूला उभा होता. मध्ये पडावं असं त्याला वाटलं नाही. ती दोघं आपापलं नीट सांगत होती.